वरवंट्याची मोटर

द्वारकाबाई घोगरे यांना उपकार मानायची खोड होती. खोडच म्हणायची, दुसरा शब्द नाही. हिंजवडीहून सुटलेली कंपनीची बस त्यांना कोथरूडला उतरवायची, तेव्हा जमिनीला पाय टेकण्याआधी त्या ड्रायव्हरला म्हणायच्या, "उपकार झाले रे बाबा." तो बिचारा आधी लाजला, मग वैतागला. "मावशी, पगार घेतो मी," म्हणाला. "पगार सगळेच घेतात. सुखरूप आणून कितीजण सोडतात?" असं म्हणून या उतरल्या. त्यांची लेक पूर्णिमा म्हणायची, "आई, एक दिवस तू सिग्नललापण थँक्यू म्हणशील, हिरवा झाला म्हणून." त्यावर द्वारकाबाईंनी खरोखर विचार केला आणि म्हणाल्या, "वेळेवर झाला तर का म्हणू नये?"

आता तुम्ही म्हणाल, बाईचं सगळं छान चाललं असणार, म्हणून हे सुचतंय. तर ऐका. नवऱ्याबरोबर कंधार तालुक्यातून पुण्यात आल्या तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. नवरा वैजनाथ मार्केट यार्डात पोती उचलायचा. लेक दोन वर्षांची असताना तो काविळीनं आठवड्याभरात गेला. सासरचे म्हणाले गावी ये, माहेरचे काहीच म्हणाले नाहीत. तेव्हा गुलटेकडीला शेजारच्या खोलीत राहणाऱ्या यमुनाबाई पुढे आल्या. सातारा रस्त्यावरच्या एका गाळ्यात जळक्या मोटरी दुरुस्त व्हायच्या, पाण्याच्या पंपाच्या, मिक्सरच्या, पिठाच्या गिरणीच्या. यमुनाबाई तिथं मोटरीत तांब्याची तार भरायच्या. वाइंडिंग म्हणतात त्याला. त्या मालकाला म्हणाल्या, "ही उद्यापासून येतीय. झाडू मारायला नाही, माझ्याशेजारी बसायला." आणि त्यांनी शिकवलं. हातावर चापट्या मारून शिकवलं, पण शिकवलं.

चौदा वर्षं द्वारकाबाई त्या बाकावर बसल्या. मग बाहेरदेशी बनलेल्या तयार मोटरी स्वस्तात येऊ लागल्या, जळलेली मोटर दुरुस्त करण्याऐवजी लोक फेकून द्यायला शिकले आणि गाळ्याला कुलूप लागलं. त्याच सुमारास हिंजवडीत उसाच्या शेतांवर काचेच्या इमारती उठत होत्या. तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या पॅन्ट्रीत द्वारकाबाई लागल्या. चहाचं मशीन भरायचं, टेबलांवरचे उष्टे कप उचलायचे. मालक बरा, कामाला सावली, वर घरापर्यंत बस. त्यांनी यमुनाबाईंचे उपकार मानले, कंपनीचे मानले आणि कोथरूडला एका इमारतीच्या तळमजल्यावर, मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं. मोटरींचा विषय तिथंच संपला. पूर्णिमाला एवढंच ठाऊक की आई पूर्वी सातारा रस्त्याला कुठल्याशा गाळ्यात कामाला जायची. तिनं कधी विचारलं नाही आणि यांनी कधी सांगितलं नाही.

पूर्णिमा हुशार. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला गेली तेव्हा द्वारकाबाईंनी बसमधल्या बेचाळीस जणांना पेढे वाटले होते. पण 'इलेक्ट्रिकल मशीन्स' नावाचा एक विषय तिला आडवा आला. एकदा नापास, दोनदा नापास. बाकी सगळं निघालं, हे निघेना. दुसऱ्यांदा निकाल लागला त्या दिवशी ती जेवली नाही, आणि दोन हजार पाच सालच्या सप्टेंबरात एका कॉल सेंटरचं पत्र घेऊन घरी आली.

"नोकरी लागली," ती म्हणाली. "दसऱ्यानंतरच्या सोमवारी जाऊन सही करायची."

"आणि कॉलेज?"

"कॉलेज पुरे झालं. तू लोकांचे कप उचलायचे आणि मी नापास व्हायचं, हे किती दिवस चालवायचं?"

कप उचलण्यात द्वारकाबाईंना कमीपणा वाटत नव्हता, पण पोरीनं तीन वर्षं शिकून मध्येच सोडायचं, हे त्यांना सोसेना. त्यांनी समजावलं, रागावल्या, दोन दिवस अबोलाही धरला. शेवटी पूर्णिमानंच एक तोड काढली. शहरातल्या एका कॉलेजात दसऱ्यानंतरच्या शनिवारी यंत्रांची झुंज होती. मुलांनी पंधरा किलोच्या आतलं यंत्र बनवायचं आणि लोखंडी पिंजऱ्यात दुसऱ्याच्या यंत्राशी लढवायचं. पूर्णिमाच्या कॉलेजची एक टोळी होतीच, पण त्यांनी हिला सांगितलं होतं, "तू पोस्टर कर, तुझं अक्षर छान आहे." या छान अक्षरानं तिच्या मस्तकात तिडीक गेली होती.

"मी आणि उत्कर्षा आमचं स्वतःचं करणार," ती म्हणाली. "पहिली लढत जिंकलो तर कॉलेज चालू. हरलो तर सोमवारी सही. मग तू एक अक्षर बोलायचं नाही. कबूल?"

काय करणार? द्वारकाबाईंनी कबूल केलं. बुडत्याला काडीचा आधार, आणि ही काडी निदान पंधरा किलोची तरी होती.

उत्कर्षा म्हणजे पूर्णिमाची वर्गमैत्रीण, बोलायला कमी आणि करवत चालवायला तयार. दोघींनी जुन्या बाजारातून माल गोळा केला. चाकं फिरवायला बसच्या वायपरच्या दोन मोटरी, मोटरसायकलच्या दोन बॅटऱ्या, आणि मुख्य म्हणजे मोडीत निघालेल्या कुठल्याशा गाडीच्या पंख्याची एक दणकट मोटर. पुढच्या तोंडाला लोखंडी पाइपाचा जाडजूड रूळ, त्यावर दात. ही मोटर पट्ट्यानं तो रूळ गरगरा फिरवणार आणि समोरच्याला तो खालून वर ठोकणार. गल्लीतल्या खिडक्यांचे गज जोडणाऱ्यानं सांगाडा जोडून दिला. पंधरा दिवस स्वयंपाकघरात पोळपाटाशेजारी ड्रिल मशीन आणि पिठाच्या डब्यात नट अशी अवस्था होती. वजन करायला रद्दीवाल्याच्या ताणकाट्याला टांगलं, तर साडेपंधरा भरलं. रद्दीवाला म्हणाला, "घालायचंय का रद्दीत? चांगलं लोखंड आहे." मग पत्र्याला भोकं पाडपाडून अर्धा किलो उतरवला.

द्वारकाबाई कामावरून आल्या की बसून बघायच्या. त्यांना हात घालावासा वाटायचा, पण पोरींच्या मध्ये कशाला पडा, म्हणून चहा करायच्या. नाव मात्र त्यांनीच दिलं. तो रूळ पाहून म्हणाल्या, "अगं, हा तर वरवंटा." उत्कर्षा इतकी हसली की तेच नाव रंगानं लिहिलं गेलं. द्वारकाबाईंना मनापासून बरं वाटलं. इतके दिवस मान खाली घालून फिरणारी पोर शिट्टी वाजवत स्क्रू पिळत होती, याबद्दल त्यांनी त्या वरवंट्याचेही उपकार मानले. आणि इथंच घोळ झाला.

त्या वर्षी दसरा बुधवारी होता, म्हणजे मंगळवारी खंडेनवमी. गाळ्यात त्यांनी चौदा खंडेनवम्या पाहिलेल्या. त्या दिवशी यंत्रं पुसून लखलखीत करायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा आणि दिवसभर बटणाला बोट लावायचं नाही. वर्षभर राबलेल्या यंत्राला एक दिवस सुट्टी, असा नियम. तर कंपनीला सुट्टी होती, पोरी लढतीसाठीच्या नव्या बॅटऱ्या चार्ज करून आणायला गेल्या होत्या. द्वारकाबाईंनी वरवंटा पाटावर बसवला, हळदकुंकू वाहिलं, आणि मंडईतून आणलेला दोन पदरी हार त्याच्या रुळाभोवती छान गुंडाळून घातला. आपल्या घरात यंत्र आलं, याच आनंदात त्या होत्या.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या सुनीतीताई आपट्याची पानं मागायला आल्या. निवृत्त शिक्षिका, मनानं चांगल्या, पण जिभेला हाड नाही. पाटाकडे पाहून म्हणाल्या, "हे काय, देवापुढे रणगाडा?"

"पूर्णिमानं केलंय. लढतं," द्वारकाबाई अभिमानानं म्हणाल्या.

"असं होय. चालतंबिलतं, की नुसता हार घालून बसतं? आमच्या शाळेत तसे पुष्कळ होते."

झालं. द्वारकाबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. स्वतःला कुणी काही बोललं तर त्या हसून सोडून देत, पण लेकीच्या कामाला? जुन्या बॅटऱ्या अजून यंत्रातच होत्या. लांब वायरीच्या टोकाला बटणांची पेटी. त्यांनी पंधरा दिवस पाहिलेलं, लाल बटण म्हणजे रूळ. "बघा तर," म्हणाल्या आणि दाबलं.

रूळ फिरला. हारही फिरला. हार नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेला, त्यानं दोन गिरक्यांत रुळाच्या दांड्याला असा काही विळखा घातला की रूळ जागीच थांबला. मोटर मात्र घूं घूं करत राहिली. द्वारकाबाई घाबरल्या, बंद करायला म्हणून भलतंच बटण दाबलं, तर ते धूड पाटावरून उडी मारून सुनीतीताईंच्या पायांकडे निघालं. "अहो, आवरा याला! आवरा!" सुनीतीताई खुर्चीवर चढल्या. झेंडूच्या पाकळ्या भिंतीपर्यंत उडल्या. शेवटी द्वारकाबाईंनी वायरच उपटली, तोवर पाव मिनिट गेलं होतं. आणि मग तो वास आला. तारेवरच्या जळलेल्या वॉर्निशचा. घरात दुसऱ्या कुणाला कळला नसता, पण त्यांना डोळे मिटून कळला. मोटर गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पूर्णिमा आली तेव्हा सुनीतीताई निघून गेल्या होत्या आणि द्वारकाबाई पाकळ्या वेचत होत्या. सगळं ऐकून तिनं मोटर हुंगली, रुळात अडकलेला दोरा पाहिला आणि थंडपणे म्हणाली, "पावली म्हणायची पूजा."

"पोरी, चुकलं माझं."

"असू दे. अशी मोटर पुन्हा मिळायची नाही, उद्या दसरा, सगळं बंद. परवा दुकानात दिली तर आठ दिवस लावतील. सोमवारी सही करायचीच होती, करून टाकते." एवढं बोलून ती भिंतीकडे तोंड करून बसली. ती रडत होती, आणि द्वारकाबाईंना वाटलं, हिच्या पायावर कुऱ्हाड मारली ती आपणच.

वेचलेल्या पाकळ्या बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "मी भरून देते."

"काय भरून देतेस?"

"मोटर."

"आई, ही मोटर आहे. पोलक्याचं बटण नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच द्वारकाबाईंचा आवाज चढला. "चौदा वर्षं मी गाळ्यात काय पोलकी शिवायलते का? तुझ्या शाळेची फी कशातून गेली? जळक्या मोटरी भरायचे मी! दिवसाला सहा!"

पूर्णिमानं मान वळवून आईकडे पाहिलं. मग तिनं स्क्रू-ड्रायव्हर पुढे केला.

तरी द्वारकाबाईंना भीती होतीच. चार वर्षांत तारेला हात लावलेला नव्हता, जवळचं नीट दिसत नव्हतं, आणि ही मोटर मिक्सरची नव्हती. मोटर उघडून त्यांनी आर्मेचर बाहेर काढलं. आर्मेचर म्हणजे मोटरच्या पोटातला फिरणारा गाभा. त्याच्या अंगावर उभ्या खाचा असतात आणि त्या खाचांतून तारेची वेटोळी बसवलेली असतात. तार काळी ठिक्कर पडली होती. दसऱ्याला दरवर्षी त्या यमुनाबाईंना सोनं द्यायला गुलटेकडीला जायच्याच. या वर्षी आपट्याच्या पानांबरोबर आर्मेचरही फडक्यात बांधून नेलं, आणि पूर्णिमालाही.

यमुनाबाई सत्तरीच्या, डोळ्यांत मोतीबिंदू. मार्केट यार्डातल्या एका दुकानासाठी लसूण निवडायचं काम करायच्या, तेही बोटांनी चाचपून. द्वारकाबाई पाया पडल्या आणि म्हणाल्या, "अक्का, घोळ झालाय."

यमुनाबाईंनी आर्मेचर हातात घेतलं. आधी हुंगलं. मग खाचांवरून बोट फिरवत मोजलं. "बारा खाचा. तार जाड हाय. कुणी जाळली?"

"मी."

"खंडेनवमीला चालवली असशील."

द्वारकाबाईंनी मान खाली घातली. पूर्णिमा खुदकन हसली. कालपासून पहिल्यांदा.

"द्वारके, रडायचं काय त्यात? जळालेली तारच सांगती की सगळं," यमुनाबाई म्हणाल्या. "उपसताना घाई करू नको. एक वेटोळं सबंध सोडव आणि वेढे मोज. तार कोणत्या खाचेतनं निघून कोणत्या खाचेत शिरती ते हिला लिहून घ्यायला लाव, शिकलेली हाय ना? जसं निघालं तसं भरायचं." मग त्यांनी फळीवरचा डबा मागितला. त्यात त्यांची बांबूची पट्टी होती, तार खाचेत दाबायची, वापरून गुळगुळीत झालेली, आणि इन्सुलेशनच्या कागदाची गुंडाळी. "ने. मला आता काय करायचंय त्याचं?" द्वारकाबाईंनी हात जोडले, तर म्हणाल्या, "मोटर फिरू दे, मग जोड."

गुरुवारी द्वारकाबाईंनी दोन दिवसांची रजा टाकली. सकाळी विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून तार आणि वॉर्निश आणलं आणि खिडकीच्या उजेडात बसल्या. पहिलं वेटोळं सोडवलं, अकरा वेढे निघाले. पूर्णिमा वहीत खाचांचे आकडे लिहीत होती. एक ते सहा, दोन ते सात, तीन ते आठ. चौथ्या-पाचव्या ओळीला तिचा हात थांबला. उठून तिनं आपलं ते दोनदा नापास करणारं पुस्तक आणलं आणि एक पान उघडलं. त्यावर नुसत्या आडव्यातिडव्या रेघांचं जाळं.

द्वारकाबाईंनी चष्मा पुसून पाहिलं. "हे तर हेच. आपलं आर्मेचर कापून सपाट अंथरलंय. ही बघ एक नंबरची खाच, ही सहा."

"आणि ह्या खालच्या चौकोनी डब्या?"

"हे तांब्याचे तुकडे, टोकाला आहेत ते. इथून वीज आत शिरती. एका वेटोळ्याचं शेपूट आणि पुढच्याचं तोंड एकाच तुकड्याला बांधायचं. नाही तर करंट पुढे जाणार कसा?"

पूर्णिमा पुस्तकाकडे, मग आर्मेचरकडे, मग परत पुस्तकाकडे पाहत राहिली. "दोन वर्षं," ती म्हणाली, "दोन वर्षं हे मी पाठ करत होते. कुणीतरी एकदा हातात तर द्यायचं!" ती चिडली होती, पण त्या चिडण्यात जीव होता.

काम मात्र सोपं नव्हतं. जाड तार वळेना. बोटांची सालटी निघाली. आठव्या वेटोळ्याला टेस्टिंगचा दिवा लावून पाहिला आणि तो लागला. लागायला नको होता. लागला म्हणजे तार कुठंतरी लोखंडाला टेकलीय, आतला कागद फाटलाय. तो कागद होता तळाशी, आणि त्याच्यावरून पुढची-मागची वेटोळी गेलेली. चार वेटोळी उपसावी लागणार होती. द्वारकाबाईंनी हातातली पट्टी खाली ठेवली. तेवढ्यात सुनीतीताई दारात. हातात नातवाचा अभ्यासाचा दिवा आणि भलंमोठं भिंग.

"मला ऐकू येतं वर सगळं," त्या म्हणाल्या. "परवा मी बोलले नसते तर हे झालं नसतं. बोलायची सवय मेली. हे घ्या, आणि मला काहीतरी काम सांगा, उगीच उभं करू नका."

द्वारकाबाईंनी त्यांना कागदाच्या पट्ट्या कापायला बसवलं. बाईंनी त्या इतक्या सरळ कापल्या की फूटपट्टी लाजावी, आणि वर पूर्णिमाला सुनावलं, "नापास झालीस म्हणे. मग? आम्ही पास केलेले कुठं मोठे दिवे लावतायत?" चारही वेटोळी उपसली, पुन्हा भरली. दिवा लागला नाही. शुक्रवारी सकाळी पूर्णिमानं टोकं सोल्डर केली, वॉर्निश लावून आर्मेचर गच्चीत ऑक्टोबरच्या उन्हात ठेवलं, आणि दुपारी मोटर जोडून बटण दाबलं. रूळ फिरला. उलटा फिरला.

"तारा बदल," मायलेकी एकदमच म्हणाल्या आणि एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. दुपारीच येऊन बसलेल्या उत्कर्षानं दोन तारांची अदलाबदल केली आणि वरवंटा सुलट घरघरला. त्या क्षणी द्वारकाबाईंना खरंच दुसरं काही नको होतं.

शनिवारी पिंजऱ्याभोवती ही गर्दी. चिठ्ठी निघाली ती नेमकी पोस्टरवाल्यांशी, पूर्णिमाच्या कॉलेजच्या त्याच टोळीशी. त्यांचं यंत्र उताराच्या पत्र्याचं, चपटं, भरधाव. लढत तीन मिनिटांची. उत्कर्षा वायर वर धरून उभी, पूर्णिमाच्या हातात पेटी. पहिल्याच धडकेला वरवंट्यानं समोरच्याचा पत्रा असा ठोकला की ठिणग्या उडाल्या आणि द्वारकाबाई सुनीतीताईंचा हात धरून ओरडल्या, "घाल! आणखी एक घाल!" दुसरीही बसली. मग त्या चपट्यानं वळसा घेतला, खाली शिरला आणि वरवंट्याला उताणं केलं. चाकं आभाळाला, रूळ जमिनीत रुतलेला. पूर्णिमानं रुळाचं बटण सोडलं नाही, सुटेल म्हणून दाबून धरलं. मोटर कण्हत राहिली. द्वारकाबाईंनी डोळे मिटले आणि वास येतोय का ते पाहिलं. नाही आला. पण यंत्र सुलटही झालं नाही. पंचांनी दहा आकडे मोजले आणि लढत संपली. हरलो.

द्वारकाबाईंच्या मनात एकच होतं, सोमवार. इतक्यात पंचांपैकी एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आले आणि मोटरला हात लावून म्हणाले, "एवढा वेळ अडकूनही जळली कशी नाही ही? कुठून भरून आणलीत?"

"घरी भरली," पूर्णिमा म्हणाली.

त्यांना खरं वाटेना. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. खाचा किती, वेढे किती, कुठली तार कुठं जाते, उलटी फिरली तर काय कराल. पूर्णिमा भराभर सांगत गेली, मध्येच तिनं जमिनीवर खडूनं ते रेघांचं जाळंही काढून दाखवलं. गृहस्थ मान डोलवत निघून गेले. ती खडू हातात धरून त्या जाळ्याकडे बघत तशीच बसली होती. घरी जाताना बसमध्ये ती बोलली नाही. रविवारीही नाही. द्वारकाबाईंनी कबूल केलं होतं एक अक्षर बोलायचं नाही, म्हणून त्यांनीही विचारलं नाही. कॉल सेंटरचं पत्र फळीवर होतं ते रविवारी संध्याकाळी तिथून नाहीसं झालं, तेही त्यांनी पाहिलं.

सोमवारी सकाळी पूर्णिमा इस्त्रीचा ड्रेस घालून, फाइल घेऊन तयार. द्वारकाबाई डबा भरत होत्या. शब्द दिला होता, पण आता राहवेना.

"पूर्णे, मोटर मी जाळली होती. ती अट धरू नको. शिक्षा करायची तर मला कर, मी आणखी दहा वर्षं कप उचलीन, पण तू..."

"आई, बस वेळेवर येते. सही कर आधी."

"कशावर?"

तिनं फाइलमधून कागद काढला. परीक्षेचा फॉर्म. विषय एकच, इलेक्ट्रिकल मशीन्स. "आज शेवटची तारीख आहे. कॉल सेंटरला शनिवारीच फोन केला, येत नाही म्हणून सांगितलं."

"मग सांगितलं का नाहीस गं! दोन दिवस माझा जीव..."

"एक अक्षर बोलायचं नाही असं तुझं ठरलं होतं. बघत होते, टिकतेस का," ती म्हणाली. आणि मग आवाज एकदम खाली आणून, "मला नीट सांगता येईना म्हणून नाही सांगितलं. हा विषय आता मला येतो, आई. तू शिकवलास."

द्वारकाबाईंना रडूच आलं. पदरानं चष्मा पुसून त्यांनी फॉर्म खिडकीशी धरला, कारण न वाचता सही करायची नाही हे लेकीनंच त्यांना शिकवलं होतं. पूर्णिमाच्या त्या छान अक्षरात पालकाचं नाव होतं, द्वारका वैजनाथ घोगरे. त्याखाली, पालकाचा व्यवसाय. आणि पुढे, मोटर वाइंडर.

"अगं, हे चुकलंय. ते काम सुटून चार वर्षं झाली की."

"सुटलं कुठं?" पूर्णिमा म्हणाली. "गुरुवारीच तर केलंस. कर सही."